होळीपासून वैशाखापर्यंत : मुलांबरोबर घराबाहेर काय काय खेळता येईल?

पांगारा

नमस्कार मंडळी,

शिमगा सरला की पुढचे दोन महिने मला वर्षातले सगळ्यात आवडते. सकाळी नऊ-साडेनवापर्यंत आणि संध्याकाळी पाचनंतर घरात बसवत नाही अशी हवा असते. पायाखाली चिखल नाही, झाडांना नवी पालवी, कोकीळ पहाटेपासून ओरडून जीव काढतोय. आणि नेमकी याच दिवसांत मुलं आधी परीक्षेत अडकलेली असतात, ती संपली की बंद हॉलमधल्या शिबिरात जाऊन बसतात. मला हे मनापासून खटकतं.

म्हणून हा धागा. आपापल्या गावचे या दिवसांतले खेळ, उद्योग, भटकंती इथे लिहा. कृपा करून नियमांसकट लिहा. नुसतं "आम्ही डबा ऐसपैस खेळायचो" एवढ्यावर आत्ताच्या मुलांना खेळता येत नाही.

सुरुवात मी लगोरीने करते, कारण आमच्या सोसायटीत ती पुन्हा रुजली आहे. सात चपट्या लगोऱ्या लागतात. राडारोड्यात शहाबादी फरशीचे तुकडे सहज मिळतात, त्यांच्या कडा खरखरीत दगडावर घासून बोथट करायच्या. हे तुकडे मोठ्यांनीच उचलावेत, उन्हाळ्यात अशा ढिगाखाली विंचू असतो. सगळ्यात मोठी फरशी खाली, लहान वर. दोन संघ. फोडणाऱ्या संघातल्या भिडूला बारा-पंधरा फुटांवरून तीनदा नेम धरता येतो. लगोरी फुटली की समोरच्यांनी चेंडू पकडून फोडणाऱ्यांना मारायचा आणि यांनी तो चुकवत सगळा डोलारा पुन्हा रचून "लगोरी!" असं ओरडायचं. रचण्याआधी चेंडू लागला की डाव गेला.

आम्ही दोन नियम पक्के केले आहेत. चेंडू गुडघ्याखालीच मारायचा. आणि चेंडू हातात आला की पळायचं नाही, जागेवरून मारायचा नाहीतर आपल्या भिडूकडे टाकायचा. या दुसऱ्या नियमाने खेळ पार बदलला. आधी दोन दांडगी पोरंच चेंडू घेऊन धावायची, बाकीची नुसती बघत उभी. आता दुसरीतल्या मुलीच्या हातातही चेंडू येतो आणि ती नेम धरते.

---

घाटमाथा

छान धागा. वाचनखूण साठवली.

आमच्याकडं सूरपारंब्या. वडाचं झाड पाहिजे, नाहीतर खाली वाकलेल्या फांद्यांचा जुना आंबा. झाडाखाली एक रिंगण आखायचं. सगळ्यांनी चकायचं, ज्याच्यावर राज्य येईल तो रिंगणापाशी. दुसऱ्या एकानं रिंगणात उभं राहून, एक पाय उचलून, त्या पायाखालून काठी जेवढी लांब जाईल तेवढी भिरकवायची. राज्यवाला काठी आणायला पळतो, तोवर बाकीचे सगळे झाडावर. काठी आणून रिंगणात ठेवली की त्यानं वर चढून कुणाला तरी शिवायचं. वरच्यांनी पारंबी धरून खाली सुटायचं आणि काठीला हात लावायचा. लावला तर तो सुटला. काठी राखायची की वर चढायचं, यातच राज्यवाल्याचा कस लागतो.

झाडाची पारख आधी मोठ्यांनी करावी. शेवग्यावर कुणाला चढवू नका, ती फांदी सांगून मोडत नाही. वाळकी फांदी, मुंग्यांची वारुळं, ढोली, मधमाश्यांचं पोळं हे सगळं बघून घ्यायचं. झाडाखाली दगड-काचा असतील तर त्या मुलांकडूनच वेचून घ्यायच्या. आणि कुठल्या फांदीच्या वर जायचं नाही ते खडूनं रेघ मारून दाखवायचं. एवढं केलं की बाजूला बसायचं. "पडशील, पडशील" म्हणून ओरडणाऱ्या माणसामुळंच पोराचा हात सुटतो.

---

टिटवी

खूपच छान. पण माझी लेक साडेतीन वर्षांची आहे. मोठी मुलं तिला घेत नाहीत, आणि घेतलं तरी ती पाच मिनिटांत रडत परत येते. या वयाला काय?

---

पांगारा

@टिटवी, तिला लिंबूटिंबू करा. हा आपल्या खेळांतला फार प्रेमळ नियम आहे. लिंबूटिंबूला पळता येतं, लपता येतं, ओरडता येतं, पण त्याच्यावर राज्य येत नाही. मोठ्या मुलांना एकदा समजावून सांगा, ती स्वतःहून सांभाळून घेतात. खेळ डोंगर-पाणी घ्या. पायरी, कट्टा, दगड म्हणजे डोंगर; सपाट जमीन म्हणजे पाणी. बाकीच्यांनी राज्यवाल्याला विचारायचं "डोंगर का पाणी?" आणि तो जे मागेल ते त्याचं होतं. त्याने डोंगर मागितला की बाकीचे सगळे पाण्यात, आणि मग त्याला चिडवत त्याच्या डोंगरावर जायचं, तो शिवायला येणार. तीन वर्षांच्या मुलीला "आमी तुज्या डोंगलावल" असं ओरडण्यातच सगळा खेळ सापडतो.

---

आजोळ

कोकणातून लिहितो आहे. आमच्याकडे चैत्र-वैशाखात खेळ आणि खाणं वेगळं काढता येत नाही.

करवंदं पिकायला लागली की सकाळी ऊन चढायच्या आत सड्यावर जायचं. सोबत पळसाचे किंवा सागाच्या पानाचे द्रोण. पिकलेलं काळं करवंद हातात घ्यायचं आणि समोरच्याला विचारायचं, "कोंबडा की कोंबडी?" त्याने सांगितलं की मग चावा घ्यायचा आणि आतला गर सगळ्यांना दाखवायचा. लालभडक निघाला तर कोंबडा, फिकट निघाला तर कोंबडी. ज्याचा अंदाज बरोबर त्याला पुढचं करवंद. वरून काही म्हणजे काही कळत नाही, म्हणून आजोबा आणि नातू अगदी बरोबरीने खेळतात. बोटांना चीक लागतो, ओठ चिकटतात, काटे ओरबाडतात. त्याचं कौतुक करू नये. पूर्ण बाह्यांचा जुना शर्ट घातला की झालं.

दुसरा उद्योग म्हातारी पकडण्याचा. रुईची बोंडं तडकली की रेशमी शेपट्यांची बी वाऱ्यावर सुटते. ती जमिनीला टेकू न देता फुंकर मारत कोण जास्त लांब नेतो, ही शर्यत. बी उडत आलेलीच घ्यायची, रुईचं झाड मोडायचं नाही. त्याचा चीक डोळ्यात गेला तर डोळ्याला गंभीर इजा होऊ शकते, हे मुलांना आधी सांगून ठेवावं.

आणि मार्च-एप्रिलात जमलं तर मंडणगड तालुक्यातल्या वेळासला जा. ऑलिव्ह रिडले कासवं तिथल्या किनाऱ्यावर अंडी घालतात. चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र' या संस्थेने गावकऱ्यांना बरोबर घेऊन २००२पासून तिथे संवर्धन सुरू केलं. एका घरट्यात शंभराच्या आसपास अंडी असतात, ती कुंपणाच्या आत सुरक्षित जागी पुरून ठेवतात आणि साधारण पन्नास दिवसांनी पिल्लं वर येतात. सकाळी आणि संध्याकाळी घरट्यांवर पालथ्या घातलेल्या टोपल्या उचलून पाहतात. पिल्लं निघाली असतील तर वाळूवर सोडतात आणि ती आपली आपण समुद्राकडे चालू लागतात. कधी एकही निघत नाही. मुलांना हे आधीच सांगून न्यावं. उतरायला गावातल्याच घरी मिळतं, जेवण घरचं, आणि मुलांना वाळूत खेळायला अख्खा किनारा.

---

चष्मेबद्दूर

सगळं वाचून छान वाटलं, पण एक प्रामाणिक अडचण मांडते. आम्ही दोघंही नोकरी करतो. सुट्टीत मुलाला दिवसभर कुठे ठेवायचं हा आमच्यापुढचा प्रश्न आहे. शिबिरांना नावं ठेवणं सोपं आहे, पण ती नसती तर माझं काम बंद पडलं असतं. शिवाय आमच्या इमारतीच्या आवारात खेळायला बंदीची पाटी आहे. मुलांनी जायचं कुठे?

---

पांगारा

@चष्मेबद्दूर, अडचण अगदी खरी आहे आणि शिबिराला पाठवणाऱ्या आईवडिलांना बोल लावायचा माझा अजिबात हेतू नाही. माझं म्हणणं संध्याकाळच्या दीड तासाबद्दल आहे. आम्ही सहा घरांनी वार वाटून घेतले. ज्या घराची पाळी त्यांच्यातलं एक मोठं माणूस पाच ते साडेसहा खाली बसतं. पाण्याची कळशी, ताकाचं भांडं आणि पट्ट्या-मलमाची डबी एवढं जवळ ठेवतं. खेळ मुलं ठरवतात. मोठ्याने फक्त हजर असायचं. आजी-आजोबांनी तर हे काम हौसेनं उचललं, कारण त्यांना नियम विचारायला मुलं येतात.

पाटीबद्दल सांगायचं तर, सगळ्या मुलांनी मिळून समितीला पत्र लिहावं. वेळ, जागा आणि कुठला चेंडू वापरणार हे त्यात स्पष्ट असावं. कापडी चेंडूने काच फुटत नाही. जुन्या सुती कापडाच्या चिंध्या घट्ट गुंडाळायच्या, वरून सुतळीचे आडवे-उभे वेढे, त्यावर जुना मोजा चढवून शिवून टाकायचा. एकमेकांना चेंडू मारायच्या आबाधोबीला तर हाच चेंडू हवा. पाठीत बसला तरी लागत नाही आणि आवाज मात्र झकास येतो.

---

मोहफूल

विदर्भातून लिहितो. आमच्याकडचं ऊन तुमच्यासारखं नाही, म्हणून पहिले ऊन्हाचं सांगतो. एप्रिलपासून सकाळी नऊच्या आत घरी परत. संध्याकाळी सहाच्या आधी पोराला मैदानात सोडत नाही. निघायच्या आधी पाणी, आल्यावर कैरीचं पन्हं. पोरगं चिडचिडं झालं, डोकं दुखते म्हणालं, घाम यायचा थांबला, तर खेळ तिथंच बंद. सावलीत घ्या, अंग ओल्या कापडानं पुसा, आणि बरं वाटलं नाही तर सरळ दवाखाना गाठा.

मग आमचा खेळ कधी? पहाटे आणि रात्री.

मार्च-एप्रिलात मोहाची फुलं रात्री उशिरापासून गळतात. पहाटे झाडाखाली पिवळसर मोत्यांचा सडा पडलेला असतो आणि वास असा की झोप उडते. ज्यांच्या शेतात मोह आहे त्यांच्याकडे पाहुणे जा, फुलं वेचू लागा. ही त्या घरची कमाई आहे, म्हणून वेचलेलं त्यांच्या टोपलीत टाकायचं. पोरांना मूठभर खायला मिळतातच. रंगपंचमीच्या आधी पळसाची पडलेली फुलं पण अशीच गोळा करायची. संध्याकाळी उकळून रात्रभर झाकून ठेवली की सकाळी केशरी पाणी तयार. रंग हलका येतो, धुतला की जातो, डोळ्याला त्रास नाही.

रात्री अंगणात नाहीतर गच्चीवर पाणी मारायचं, थंड झालं की गाद्या टाकायच्या. एप्रिल-मेमध्ये रात्री नऊच्या सुमारास उत्तरेकडे सप्तर्षी चांगले वर आलेले असतात. त्यांच्या शेपटीची कमान तशीच पुढे ओढत नेली की नारिंगी झाक असलेली ठळक स्वाती सापडते. आणखी पुढे गेलं की पांढरीशुभ्र चित्रा. हे एकदा दाखवलं की पोरं रोज रात्री आपणच शोधतात. मग खरी परीक्षा. शेपटीतला टोकाकडून दुसरा तारा वसिष्ठ, त्याला अगदी खेटून बारीकशी अरुंधती. ती ज्याला आधी दिसली त्यानं ओरडायचं नाही, हळूच मोठ्याच्या कानात सांगायचं की ती वसिष्ठाच्या कुठल्या बाजूला आहे. नाहीतर सगळेच म्हणतात मला दिसली.

---

शंकू

मोहफूल यांनी रात्रीचं सांगितलं, मी भर दुपारचं सांगतो. तेवढ्या दहा मिनिटांसाठी टोपी घालून बाहेर या.

महाराष्ट्र आणि गोवा दोन्ही कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहेत, त्यामुळे वर्षातून दोनदा सूर्य अगदी डोक्यावर येतो. दुसरी वेळ जुलै-ऑगस्टमध्ये ढगांत हरवते, म्हणून मे महिन्यातली पकडायची. पणजीला मेच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत, कोल्हापूरला ६-७ मे, पुण्याला १३-१४ मे, मुंबईला १५-१६ मे, नागपूरला २६ मेच्या आसपास. घड्याळाच्या बाराला नाही बरं का. पुण्यात साधारण १२ वाजून ३१ मिनिटांनी, नागपूर पूर्वेला असल्यामुळे तिथे १२ वाजून १० मिनिटांच्या सुमारास. त्या क्षणी उभ्या पाइपची सावली त्याच्या आतच पडते. मुलांनी हात आभाळाकडे ताठ करून उभं राहायचं आणि सावली कुठे गेली ते शोधायचं. सूर्याकडे मात्र बघायचं नाही.

पण नुसता तो एक दिवस साजरा करण्यापेक्षा गंमत आधीपासून सुरू करा. गच्चीवर एक मीटरची काठी कुंडीत अगदी उभी रोवायची, ओळंबा लावून. २० मार्चच्या सुमारास पुण्यात भर मध्यान्ही तिची सावली ३३ सेंटिमीटरच्या आसपास भरते. एप्रिलच्या मध्याला १६ वर येते. १ मेला जेमतेम ६. दर रविवारी मुलांनी खडूने खूण करून शेजारी तारीख लिहायची. मेच्या मध्यानंतर हीच सावली दक्षिणेला पडायला लागते, आणि जुलैअखेरपर्यंत तशीच पडते. दहा वर्षांच्या मुलाला हे भूगोलाच्या तासाला सांगून पटत नाही. स्वतः काढलेल्या खुणा समोर असल्या की तोच दुसऱ्यांना समजावून सांगतो.

---

नदीकाठची

@शंकू, फार सुंदर. हे नक्की करणार.

मला थोडं वेगळं विचारायचं आहे. माझ्या मुलीला अंधुक दिसतं. नऊ वर्षांची आहे, पळायला भारी आवडतं, पण चेंडूच्या खेळात ती मागे राहते आणि तिला कोणी आपली दया केलेली चालत नाही. लिंबूटिंबू तर अजिबात नको असतं.

---

घाटमाथा

@नदीकाठची, लेकीचं बरोबर आहे. दया नको, नियम बदला, आणि ते सगळ्यांसाठी सारखे बदला.

दृष्टिहीनांच्या क्रिकेटमध्ये चेंडूत छर्रे असतात, त्याच्या खुळखुळण्यावर खेळतात. वर पांगारातैंनी सांगितलेल्या कापडी चेंडूत मधोमध चार-पाच घुंगरं घाला. तो सरपटत टाकायचा, उंच नाही. खेळ चालू असताना गप्प राहायचं हा नियम सगळ्यांना. लगोरी गेरूनं किंवा चुन्यानं रंगवा, काळ्या जमिनीवर ती उठून दिसते.

विषामृत तर बिनचेंडूचं आहे. ज्याच्यावर राज्य तो शिवला की "विष", त्यानं तिथंच बसायचं. सुट्या भिडूनं येऊन हात लावला की "अमृत", तो पुन्हा पळणार. यात बसलेल्यानं "अमृत, अमृत" असं ओरडत राहायचं. आवाजाच्या रोखानं तुमची लेक बरोबर पोचेल, आणि सोडवणारी म्हणून सगळी तिलाच हाक मारतील.

---

आजोळ

@नदीकाठची, अजून एक. डोळे सगळ्यांनीच मिटायचे आणि पान चुरगळून वास ओळखायचा. आंब्याची कोवळी पालवी, लिंबू, कढीपत्ता, तुळस, पेरू, काजू. आंबा आणि काजू यांत मोठी माणसंही चुकतात. ओळखीच्या झाडांचीच पानं घ्यायची, आणि कैरीच्या देठाचा चीक हाताला लागू द्यायचा नाही, कातडी भाजते.

---

सातासमुद्रापार

न्यू जर्सीतून. आमच्याकडे पाडव्याला अजून अंगात जाकीट असतं, खरा वसंत एप्रिलच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात. नेवार्कच्या ब्रँच ब्रूक पार्कमध्ये चेरीची पाच हजारांवर झाडं आहेत, ती त्या सुमारास फुलतात. आम्ही काही मराठी घरं डबे घेऊन तिथे जातो. मोकळ्या हिरवळीवर मुलं डबा ऐसपैस खेळतात. डबा लांब फेकायचा, राज्यवाल्याने उलट पावली चालत जाऊन तो आणायचा, तोवर बाकीचे लपणार. ज्याला बघितलं त्याचं नाव घेऊन डबा आपटत "ऐसपैस!" म्हणायचं, आणि तेवढ्यात दुसऱ्या कुणी येऊन डबा उडवला तर सगळे सुटले. शेजारच्या बाकावरच्या मुलांना मराठी येत नाही, पण पहिल्याच डावात ती "ऐसपैस" म्हणायला शिकतात. फुलांच्या फांद्यांना हात लावायचा नाही, हा तिथला नियम मुलांकडून आधी म्हणून घेतो.

---

टिटवी

कुणी चैत्रांगणाचं लिहिलं नाही म्हणून मीच लिहिते. चैत्र तृतीयेपासून अक्षय्य तृतीयेपर्यंत कधीही काढता येतं. सूर्य, चंद्र, तुळस, गोपद्म, शंख, चक्र, कासव, नाग, हत्ती, मध्ये पाळण्यातली गौर. आम्ही यंदा वाहनतळाच्या फरशीवर रांगोळीऐवजी खडूने काढलं. प्रत्येक मुलाला दोन-दोन चिन्हं वाटून दिली. माझ्या लेकीच्या वाट्याला कासव आलं. तिने त्याला सहा पाय काढले आणि कुणीही ते पुसले नाहीत. नंतर आंब्याची डाळ आणि पन्हं.

---

चष्मेबद्दूर

@पांगारा, पत्राची कल्पना मुलाला सांगितली. त्याने लगेच कागद घेऊन नऊ जणांच्या सह्या आणल्या. त्यात विटीदांडूही लिहिलाय. तो इमारतीच्या आवारात चालेल का? मला डोळ्यांची भीती वाटते.

---

घाटमाथा

आवारात नको. विटीदांडूला मोकळं मैदान किंवा कापणी झालेलं रान पाहिजे. चैत्रात रानं मोकळी होतात, म्हणून तर तो या दिवसांत रंगतो. दांडू दीड-दोन फुटांचा, विटी चार-पाच बोटं लांब, दोन्ही टोकं निमुळती पण अणकुचीदार नकोत, काचपेपरनं गोल करून घ्या. दांडू बाभळीचा टिकतो. जमिनीत बोटभर खोल, लांबट खळगा खणून त्यावर विटी आडवी ठेवायची आणि दांडूनं कोलायची. पुढं उभ्या असलेल्यांनी झेलली तर कोलणारा बाद.

डोळ्यांसाठी माझा नियम असा : झेलणाऱ्यांनी खळग्यापासून निदान वीस पावलं लांब उभं राहायचं, बघ्यांनी कोलणाऱ्याच्या पाठीमागं, आणि कोलण्याआधी "येऊ का?" अशी हाक. समोरून "ये" आल्याशिवाय दांडू हलवायचा नाही. लहानांना सुरुवातीला चष्मा लावून उभं करा, सायकलवाले वापरतात तो प्लास्टिकचा साधा चालतो. बारा वर्षांच्या आतल्यांनी मोठं माणूस असल्याशिवाय खेळायचं नाही.

पत्रात विटीदांडूच्या जागी आबाधोबी लिहा, म्हणजे समिती हो म्हणेल. विटीदांडूसाठी रविवारी सकाळी सात वाजता पोरांना मैदानावर घेऊन या.